कमळूबाबांच्या अंगठ्याखाली

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्यात आता सिमकार्ड नाही, त्यामुळे माझ्यावरून कोणाला फोन लागत नाही आणि मलाही कोणाचा येत नाही. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी एक लहानसं गाव आहे. तिथल्या एका घरात, टीव्हीच्या वरच्या फळीवर, औषधांच्या पिशवीशेजारी मी पडून असतो. माझी हकीकत फार मोठी नाही. तिचा शेवट गोडही नाही. तरी ती तुम्ही ऐकावी असं मला वाटतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मला घडवताना माझ्या माथ्यावर तांदळाच्या कणीएवढा एक काळा डोळा बसवला गेला. त्या डोळ्यातून एक प्रकाश निघतो. माणसांना तो दिसत नाही, टीव्हीला मात्र दिसतो. टीव्ही बंद करायचा, चालू करायचा, आवाज कमी-जास्त करायचा, ही सगळी रिमोटची कामं मी त्या डोळ्यानं करत असे. हल्लीच्या पुष्कळ मोबाईलना असा डोळा नसतो.

किशोरनं मला कल्याणच्या दुकानातून घेतलं. तेव्हा तो मुरबाडच्या एका कारखान्यात नुकताच कामाला लागला होता. माझ्या डोळ्याची गोष्ट त्याला कळली आणि त्याला खोड्या सुचू लागल्या. नाक्यावर भगीरथशेठचं वड्यांचं हॉटेल होतं. तिथं कबड्डीचा सामना रंगात आला की किशोर मला टेबलाखालून टीव्हीकडे धरायचा आणि पडदा काळा करायचा. शेठ स्टुलावर चढून वायर हलवायचे आणि म्हणायचे, "या कंपनीचा टीवी परत घेनार नाय." एकदा किशोर पकडला गेला. शेठ रागावले नाहीत. उलट गिऱ्हाइकांना बोलावून त्यांनी मला सगळ्यांना दाखवलं. माझं इतकं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

चार वर्षांनी किशोरनं नवा मोबाईल घेतला. मी जुन्या चार्जरांबरोबर एका डब्यात गेलो. त्या डब्यातून मला बाहेर काढलं ते त्याच्या बायकोनं, योगिनीनं, आणि ते तिच्या सासऱ्यांसाठी.

किशोरच्या वडिलांना गावात कमळूबाबा म्हणत. तरुणपणी ते कबड्डी खेळत. त्यांचा डावा हात मैदानातच मोडला होता आणि वेडावाकडा सांधला गेला होता. त्या हाताची बोटं वळत नसत, पण त्यांचं काही अडलं नाही. उजव्या हातानं त्यांनी जन्मभर भात लावलं आणि कापलं. ओढ्याकडचं भाताचं खाचर त्यांनी स्वतः दगड वेचून, बांध घालून तयार केलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते कापणी उरकून घरी आले आणि ओटीवर बसल्या बसल्या कलंडले. त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "यांना सगळं समजतं. फक्त सांगता येत नाही."

त्यांची खाट टीव्हीसमोर लावली. रिमोट डाव्या हातात दिला. त्या हातात उरला होता तो अंगठा, आणि त्यात रबराची बटणं दाबण्याइतका जोर नव्हता. रिमोट घसरून पडायचा. बाईजाबाई, म्हणजे त्यांची बायको, तो उचलून द्यायच्या. तो पुन्हा पडायचा. चौथ्या दिवशी कमळूबाबांनी रिमोट धरायचं सोडून दिलं.

योगिनीनं हे पाहिलं होतं. तिनं किशोरला विचारलं, "अवो, तुमचा जुना मोबाईल टीवी चालवायचा ना? त्याच्या काचेला जोर लागत नाय."

तिनं मला चार्ज केलं, एका उशीवर टेकवलं आणि बाबांचा अंगठा माझ्या काचेवर ठेवला. अंगठा खरखरीत होता. तो जरासा हलला आणि समोरचा टीव्ही बंद झाला. पुन्हा हलला, टीव्ही चालू झाला. त्या दुपारी त्यांनी अकरा वेळा टीव्ही बंद केला आणि अकरा वेळा चालू केला.

बाईजाबाई चुलीपासून म्हणाल्या, "काय चाललंय वो?"

"करू दे गो आत्या," योगिनी म्हणाली. "त्यांच्या हातानं काय तरी व्हतंय."

महिन्याभरानं एक दिवस बाईजाबाई परसात भांडी घासत होत्या. खाटेवर बाबांचा पाय कडेवरून खाली घसरला आणि त्याच्याबरोबर अंगही सरकू लागलं. हाक मारायला जीभ नव्हती. त्यांनी माझ्यावर अंगठा ठेवला तो उचललाच नाही. टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेवटाला पोचला. बाईजाबाई कुरकुरत आत आल्या, "बहिरे झालाव काय?" मग त्यांना खाट दिसली. ओले हात तसेच पुढे करून त्यांनी बाबांना सावरलं आणि कितीतरी वेळ त्यांच्या छातीवर हात ठेवून बसून राहिल्या.

संध्याकाळी अंगणवाडीतलं काम आटोपून योगिनी घरी आली. झालेलं ऐकून तिनं खाटेशेजारी बसून सासऱ्यांना सांगितलं, "मामा, आता आपन असं करू. हो म्हनायचं असंल तर आवाज वाढवा. नाय म्हनायचं असंल तर टीवी बंद करा. पेज देऊ?"

आवाज वाढला.

"मीठ घालू?"

आवाज आणखी वाढला. योगिनी हसली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

मित्रांनो, त्यानंतरचं जवळजवळ एक वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. खाट खिडकीकडे वळवायची का, अंगावर घ्यायला हवं का, शेजारचे वाळूदादा आलेत तर त्यांना आत बोलवायचं का, सगळ्याला बाबा उत्तर देत. वाळूदादांना त्यांनी दोनदा नाही म्हटलं, कारण ते आले की फार रडत.

मग किशोरचं कारखान्यातलं कंत्राट संपलं. तो कित्येक आठवडे सकाळी डबा घेऊन निघायचा आणि रिकामा परत यायचा. त्यानं टेम्पो घ्यायचं ठरवलं. शहरातल्या एका माणसाला फार्महाऊससाठी ओढ्याकडची जमीन हवी होती. जमीन बाबांच्या नावावर होती.

किशोर खाटेजवळ बसला. "बाबा, आता खाचर करनार कोन? मला जमत नाय, आयेच्यानं होत नाय. देऊन टाकू?"

टीव्ही बंद झाला.

किशोरनं रिमोट घेऊन तो चालू केला. "नीट ऐका. मला दुसरं काम मिळत नाय. देऊ का?"

टीव्ही बंद झाला. त्यानं पुन्हा चालू केला, पुन्हा विचारलं. बाबांचा अंगठा एकदाही चुकला नाही.

"त्यांनी नाय म्हटलं ना," योगिनी दारातून म्हणाली.

"टीवी बंद केला म्हंजे नाय झालं काय?" किशोर म्हणाला. "तुज्या खेळावर मी घर चालवू?" पण तो उठला आणि त्यानंतर काही दिवस त्यानं तो विषय काढला नाही. किशोर वाईट नव्हता. वडिलांना आंघोळ तोच घालायचा, त्यांची दाढीही तोच करायचा. म्हणूनच ते 'नाय' त्याला झेपत नव्हतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांतच ते घडलं. बाबांना जोराचा खोकला आला, हात झटकला गेला आणि मी खाली लादीवर आपटलो. दोष कोणाचाच नव्हता. माझी काच तडकली. ती उजळत होती, तिच्यावर वेळ दिसत होती, पण तिला स्पर्श कळेनासा झाला. बाबांनी अंगठा ठेवला, फिरवला, पुन्हा ठेवला. टीव्हीवर कुठलीतरी मालिका तशीच चालू राहिली.

योगिनीनं किशोरबरोबर मला मुरबाडला पाठवलं. दुकानदारानं मला उलटंपालटं करून पाहिलं. "याची काच आता येत नाय. फेकून दे." किशोरनं मला खिशात टाकून परत आणलं. योगिनीच्या मोबाईलला माझ्यासारखा डोळा नव्हता, किशोरच्याही नव्हता.

तिनं हार मानली नाही. "मामा, नाय असंल तर डोळे मिटा," ती म्हणाली. बाबांनी डोळे मिटले. तिनं किशोरला बोलावून ते दाखवलं.

"ते दिवसभर डोळेच मिटतात," किशोर म्हणाला.

ती अंगणवाडीत गेली असताना एका सकाळी तीन माणसं जमिनीचे कागद घेऊन आली. मी फळीवर होतो. वेळ बघायला बरा म्हणून योगिनी मला अजून चार्ज करायची. त्यामुळे मला सगळं दिसलं. त्यातल्या वकिलानं वाकून मोठ्यानं विचारलं, "बाबा, तुमची संमती आहे ना?"

बाबांनी डोळे घट्ट मिटले.

वकिलानं किशोरकडे पाहिलं. किशोर म्हणाला, "त्यांना झोप लागते अशी मधीच." दारात उभ्या बाईजाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्या बोलल्या नाहीत. एकानं बाबांचा डावा हात उचलला, अंगठा शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. त्या अंगठ्यात जोर नव्हता, म्हणून त्यानं वरून स्वतःचा अंगठा ठेवून दाबला. तीन ठिकाणी. माझ्याखाली टीव्ही चालू होता. तो बंद करण्याइतकी ताकद माझ्या डोळ्यात अजून होती, पण आम्हा मोबाईलना आपणहून काही करता येत नाही.

माणसं गेल्यावर किशोरनं खोबरेल लावून तो अंगठा पुसला. शाई पूर्ण निघाली नाही. योगिनीनं घरी येताच ती पाहिली. तिनं पेज केली, वाटी घेऊन खाटेजवळ बसली आणि विचारलं, "मामा, देऊ?"

बाबांचे डोळे उघडे होते. त्यांनी ते मिटले नाहीत, तिच्याकडे वळवलेही नाहीत. तिनं पुन्हा विचारलं. मग चमचा त्यांच्या ओठांना लावला आणि पेज गालावरून खाली ओघळली.

याला आता पाच महिने झाले. दारात टेम्पो उभा असतो. ओढ्याकडे तारेचं कुंपण उभं राहिलं आहे. बाबा भरवलं की खातात, कुशीवर वळवलं की वळतात, पण कोणत्याच प्रश्नाला उत्तर देत नाहीत. किशोर हल्ली रोज त्यांना काहीतरी विचारतो. थंडी वाजते का, पाणी हवं का, बाहेर नेऊ का. विचारून तो बराच वेळ तिथं उभा राहतो.

मित्रांनो, मला जपा असं सांगायला मी हे सांगितलं नाही. काच आज ना उद्या फुटतेच. पण तुमच्या घरात कोणी असं पडून असेल, तर त्याला विचारा. विचारल्यावर त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. ते उत्तर तुम्हाला नको असेल, तरीही थांबा.