ताईचा स्वभाव

“ताई, तुला माणसं खरंच आवडतात का गं?”

हॉस्टेलच्या खोलीत पाय टाकल्या टाकल्या मी विचारलं. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. प्रश्न माझा नव्हता, आमच्या अकरावीच्या मुलींचा होता. त्यांचं म्हणणं, तुझी ताई साऱ्या गावाचं करते, पण चेहरा बघ तिचा, काढा प्यायल्यासारखा; एकदा विचारून दाखव तिला. आणि गॅदरिंगचं निवेदन केल्यापासून माझं असं झालंय, की कोणी ‘करून दाखव’ म्हटलं की मी करतेच.

रूपालीताई गादीवर बसून चादरींच्या घड्या घालत होती. त्यातल्या निम्म्या तिच्या नव्हत्या. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं, आणि म्हणाली, “चहा घेशील?”

खिडकीत बसलेली जीनत हसायला लागली. जीनत म्हणजे ताईची रूममेट, चोपड्याची. ताई एमएस्सी करते आणि ही मानसशास्त्रात एमए. कॉलेजातल्या मुलामुलींचे स्वभाव आणि त्यांचं दुसऱ्यांची काळजी घेणं, यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, असा तिचा यंदाचा प्रकल्प होता. त्यासाठी तिने सगळं हॉस्टेल प्रश्न विचारून बेजार केलं होतं. ती सांगत होती, की इथे कोणाला ताप आला तर रूपाली, कोणाचं जमलेलं लग्न मोडलं तर रडायला रूपाली, आणि वॉर्डनबाईंचा गुडघा दुखला तरी शेक द्यायला रूपाली. पण हीच बाई माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. म्हणते, तुला हवं ते लिही.

मी म्हटलं, मला विचार. तिने विचारलं, कोणी रडताना दिसलं तर तुला काय होतं? मी खरं सांगितलं, की भूक लागते. मग तिने विचारलं, समोरचा बोलत असताना मध्ये बोलतेस का, आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणाले.

“तुझ्या हातून कोणाची सेवा होणार नाही, यार,” जीनत म्हणाली.

मला वाईट वाटलं नाही. घरी हेच म्हणतात. आईचं तर ठरलेलं वाक्य आहे, की ऋतिकाकडे ग्लास दिला तर निम्मं पाणी सांडतं आणि उरलेलं ती बोलता बोलता स्वतःच पिते. रूपाली शांत, म्हणून रूपाली मायाळू. मी बडबडी, म्हणून मी बिनकामाची. हे आमच्या घरात माझ्या जन्मापासून पक्कं झालेलं आहे.

मी धुळ्याला आले होते ती ताईला न्यायला. आमचे आबा, म्हणजे पप्पांचे वडील, केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. जळगावला ऑपरेशन झालं, आता सावद्याला घरी आणलं होतं. पप्पांनी ताईला फोन केला तेव्हा ती ‘बघते’ म्हणाली. ताईचं ‘बघते’ म्हणजे येतेच. पण या वेळी ती आली नाही, आणि नंतर तिचा फोनच लागेना. आई घाबरली. मग कंडक्टर ओळखीचा होता म्हणून मला एकटीला बसमध्ये बसवलं. एकटीचा पहिलाच प्रवास, सावदा ते धुळे. मी फार खुशीत होते.

जीनत मात्र आता हसत नव्हती. तिने मला सरळ सांगितलं, की गुरुवारी रूपालीची शेवटची प्रॅक्टिकल आहे. गेल्या वर्षी ती आईच्या ऑपरेशनला घरी गेली आणि प्रॅक्टिकल बुडाली. आता बुडाली तर वर्ष गेलं, आणि कॉलेज पुन्हा संधी देईल याची खात्री नाही.

“बुधवारी परत येते ना,” ताई म्हणाली, आणि पिशवी भरू लागली.

“गेल्या वेळीही असंच म्हणाली होतीस.”

ताईने चादरीची शेवटची घडी शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या हातात दिली आणि आम्ही निघालो.

बसमध्ये ताई खिडकीला डोकं टेकून झोपली. तोंड उघडं, हात मांडीवर उताणे. पारोळ्याला एक बाई चढली. बस भरलेली. बाईने सगळीकडे नजर फिरवली. मी जागी होते, ताई झोपलेली होती, तरी बाईने आपलं लेकरू उचलून ताईच्याच मांडीवर ठेवलं. ताई दचकून उठली, लेकराला नीट धरलं, त्याचं नाक आपल्या रुमालाने पुसलं. एरंडोल येईपर्यंत त्याने तिच्या ओढणीवर बिस्कीट कालवलं. मला वाटलं, हिच्या कपाळावर काही लिहिलंय की काय, जे सगळ्यांना वाचता येतं.

बाई उतरल्यावर ताई आपणहून बोलली. असं ती कधी करत नाही.

“तू मघाशी विचारलंस ना, माणसं आवडतात का म्हणून. नाही गं. दया-बिया येत नाही मला कोणाची. कोणी तोंड पाडलं ना, की मला इथे कसंतरी होतं.” तिने गळ्याखाली हात ठेवला. “ते थांबावं म्हणून मी उठते. काम केलं की थांबतं. बस, एवढंच आहे सगळं. लोक त्याला स्वभाव म्हणतात.”

“मग नाही म्हणायचं.”

“निघत नाही तोंडातून. म्हणून तर फोन बंद ठेवला होता.” ती बाहेर बघत म्हणाली, “तर त्यांनी तुला पाठवलं.”

जळगावपर्यंत मी गप्प बसले. परतीलाही तोच ओळखीचा कंडक्टर होता; त्याने दोनदा विचारलं, की पोरी, बरं वाटत नाही का.

रविवारी घरी पोहोचलो तर दारापुढच्या ओट्यावर चपलांचा ढीग. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की भेटायला जायची पद्धत आहे. जायलाच लागतं. नाही गेलं तर ते पुढच्या लग्नात ऐकवलं जातं. रावेर, फैजपूर, यावल, कुठून कुठून माणसं येतात. जवळचे मोटरसायकलवर, लांबचे एक पिकअप करून सगळे एकदम. येताना बिस्किटांचे पुडे आणतात. पेशंट कसा पडला ते पहिल्यापासून ऐकतात, मग आपल्या घरातलं कोण कसं पडलं होतं ते सांगतात, आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत. लांबून आलेल्यांना जेवायलाच बसवावं लागतं. आईच्या पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला फार वेळ उभं राहवत नाही. म्हणून ताई. ताईला आबांसाठी बोलावलंय असं सगळे म्हणत होते, मीसुद्धा म्हणत होते. पण ताई आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, आणि ओढणीवरचं बिस्कीट न झटकता तिने पातेलं चढवलं. सोमवारी संध्याकाळपर्यंत ती आबांच्या खाटेजवळ दोनदाच गेली असेल, तीही कप उचलायला.

आबा पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या मधोमध. तीस किलोचा घड खांद्यावर घेणारा माणूस म्हणून फुशारकी मारायचे, आता कूससुद्धा बदलता येत नव्हती. दर थोड्या वेळाने कोणीतरी विचारायचं, “कसं काय झालं हो लोटनभाऊ?” आणि आबा बिचारे ठिबकच्या नळीपासून पुन्हा सुरू करायचे. आवाज जात चालला होता. डोळे मिटले तर कोणी म्हणायचं, झोपले वाटतं, आणि तेवढ्याने ते जागे व्हायचे.

मंगळवारी दुपारी खोली गच्च भरली होती. पप्पांची चुलत बहीण बेबाफुई सहा-सात माणसं घेऊन आली होती. फुई म्हणजे आत्या. ती आपल्या दिराच्या मोडलेल्या मांडीची गोष्ट सांगत होती आणि गोष्ट लवकर संपणारी नव्हती. मी दारात उभी होते. गोष्टीत मला काही रस नव्हता, म्हणून मी आबांकडे बघत होते. त्यांचा एक हात खाटेची पट्टी घट्ट धरून होता. कपाळावर घाम. नजर खाटेखाली जायची, मग बायकांवरून फिरायची आणि परत छताला लागायची. खाटेखाली लघवीचं भांडं होतं.

एवढ्या बायकांसमोर आबा कसे सांगतील? आणि सांगणार कोणाला? पप्पा बागेत, आई फुईच्या शेजारी मान हलवत, ताई आत चहात.

“सगळ्यांनी जरा बाहेर व्हा,” मी म्हटलं. निवेदनाचाच आवाज लागला. “आबांना भांडं द्यायचंय.”

फुईची गोष्ट जागच्या जागी थांबली. आईचा चेहरा मी पाहिलाच नाही, पाहिला असता तर पुढचं झालं नसतं. लोक उठले. कोणी पदर सावरत, कोणी घसा खाकरत. मी दार लावलं आणि कडी घातली.

मला काही येत नव्हतं. आबांनी भिंतीकडे तोंड केलं, मी कपाटाकडे. थोडं सांडलं. मग मी पुसलं, हात धुतले, त्यांची उशी सरळ केली.

“लाज काढली व माही,” आबा भिंतीकडे बघतच म्हणाले. मग खाटेची पट्टी सोडून, “सकायपासून दाबी ठेयेल होतं. बरं केलं पोरी. आता त्याहीले सांग, मी झोपलो म्हना.”

मी बाहेर जाऊन सांगितलं. फुई म्हणाली, “आम्ही काय बसायले नाही आलतो व, जीव लागते म्हनून आलतो.” आणि चहा न घेता पिकअपमध्ये जाऊन बसली. आमच्या घरातून कोणी चहा न घेता गेल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

आत वळले तर स्वयंपाकघराच्या दारात ताई ट्रे घेऊन उभी. सगळे कप भरलेले. प्यायला कोणी नाही. ती हळूच खाली बसली, ट्रे मांडीवर घेतला आणि एक कप प्यायली. मग दुसरा. मग तिसरा. घाई नव्हती. पाठ दाराला टेकलेली, डोळे मिटलेले. तिला असं चहा पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती नेहमी शेवटी, उभ्यानेच, पातेल्यातला उरलेला पिते.

संध्याकाळी आई बोलायची थांबेना. चारचौघांत काय बोललीस, फुई आता साऱ्या गोतात सांगेल, तुला काही समज आहे का. मी उलट बोलले नाही, कारण आई रागावली नव्हती, दमली होती. दोन्हींत फरक असतो, तो मला त्या दिवसांत कळायला लागला होता. बोलता बोलता ती पोट धरून खाली बसली. पप्पा बागेतून आले, पाय धुतले, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की रूपाली आहे तोवर काळजी नाही, फुईला मी फोन करून समजावतो, उद्या फैजपूरची मंडळी येणार आहेत, त्यांच्या जेवणाचं बघा.

उद्या बुधवार, ताईच्या परतीचा दिवस, हे कोणालाच आठवत नव्हतं. ताई कप विसळत होती. मी तिच्या शेजारी जाऊन हळूच म्हटलं, की आबांचं मी करते, तू जा. तिने मान वर केली नाही.

“आज तू केलंस तर उद्यापासून तुलाच हाक मारतील. सवय लागते लोकांना,” ती म्हणाली. “तू नको यात पडू.”

तेव्हा मला कळलं, की नुसतं ‘मी करते’ म्हणून भागणार नाही. मी हात पुसले आणि पुढच्या खोलीत गेले. आबा घोरत होते. आई-पप्पा खाटेच्या पायथ्याशी बसले होते.

“उद्या पहिल्या गाडीने ताई धुळ्याला जाणार,” मी म्हटलं. “परवा तिची प्रॅक्टिकल आहे. आबांचं सकाळचं आणि दुपारचं मी करीन. अकरावी आहे, वर्ग बुडले तर मैत्रिणी सांगतील. रात्रीचं पप्पा तुम्ही करायचं, भांड्यासकट. आणि भेटायला येणाऱ्यांना पाणी मिळेल. चहा नाही.”

पप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्या हातांनी त्यांनी आबांना हॉस्पिटलात उचलून ठेवलं होतं, त्यापुढचं कधी काही केलं नव्हतं. आई म्हणाली, “लोक काय म्हनतील व,” पण अगदी हळू, जणू स्वतःलाच विचारत होती.

मग दोघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ताई येऊन उभी होती. आता ती नेहमीसारखं म्हणेल, राहू द्या, मी थांबते. ते दोघं त्याचीच वाट बघत होते. मीसुद्धा बघत होते. ताईचे ओठ हलले. तिचा ओला हात गळ्याखाली गेला आणि तिथेच राहिला. आईचा चेहरा पडलेला होता, पप्पांचा पडलेला होता, आणि ती दोघांकडे बघत होती.

ती काहीच बोलली नाही.

मी पुन्हा सांगितलं. आबांची झोप मोडू नये म्हणून या वेळी हळू.

“ताई उद्या जाणार आहे.”