उतरण्याआधी बसायचं

इल्गिनने टोपलीच्या वेताच्या भिंतीला बाहेरून पाठ टेकवली, गुडघे वाकवले आणि हवेतच दोन दोर घट्ट पकडल्यासारखं केलं.

"गेट डाउन," ती म्हणाली. मग तशीच वाकलेली राहून तिने मान वर केली. "गेट अप, नो. व्हेन आय से, देन गेट अप."

समोर करड्या शालींत गुंडाळलेली माणसं उभी होती. इंडोनेशियातल्या कुठल्याशा गावाहून मक्केला उमरा यात्रा करायला निघालेली ही मंडळी परतीच्या वाटेवर तुर्कस्तानात कापाडोक्याला थांबली होती आणि पहाटेच्या थंडीने त्यांना चांगलंच गाठलं होतं. कंपनीने दिलेल्या शाली बहुतेक बायकांनी डोक्यावरून घेऊन नाकापर्यंत ओढल्या होत्या. दिसत होते ते नुसते डोळे, आणि नुसत्या डोळ्यांवरून काय कळलं, काय नाही, हे ओळखणं इल्गिनला जमत नव्हतं.

"बास्केट टच ग्राउंड, डोन्ट गेट आउट. नो गेट आउट. ओके?"

"ओके," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. सर्वांत मागे उभी असलेली एक बुटकी बाई इतरांपेक्षा जास्तच जोरात मान हलवत होती.

जमिनीवरच्या पथकाचा म्होरक्या रुश्तूदादा पंख्याची दिशा वळवत होता. गरम हवेचा फुगा निम्मा भरून गवतावर आडवा डुलत होता.

"कप्तान, एवढं तोंड दुखवतेस, त्यापेक्षा एक काठी घे हातात. काठी दाखवली की जगातला कुठलाही माणूस खाली बसतो."

"तुम्ही हसा, दादा."

"हसतोय कुठं? लग्नाच्या दिवशी मी घाबरलो नव्हतो एवढी तू आज घाबरली आहेस. ओठ बघ. पांढरेफटक."

"थंडी आहे."

"असेल, असेल. थंडीच असेल."

मोठ्या टोपलीची कप्तान म्हणून आज तिचं पहिलं उड्डाण होतं. उडण्याची भीती तिला नव्हती. गरम हवा हलकी असते, यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. कायसेरीला भौतिकशास्त्र शिकताना तिला हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडली होती. किती माणसं, किती ताप, बाहेर किती थंडी, हे कळलं की फुगा काय करणार ते कळायचं. भीती होती एका इंग्रजी क्रियापदाची.

आपल्या भाषेत चढायला एक शब्द, उठायला दुसरा, दबून बसायला तिसरा. मिळायला वेगळा, पोचायला वेगळा, भिजायला, कळायला, म्हातारं व्हायला वेगळा. इंग्रजीत या सगळ्यांच्या जागी हे एकटं 'गेट' येऊन उभं राहायचं. मागे एक चिमुकली शेपटी जोडायची, की झालं. आणि सगळा अर्थ त्या शेपटीत. घाईत, वाऱ्यात, बर्नरच्या आवाजात माणसाला ऐकू जाणार काय, तर 'गेट'. शेपटी जाणार वाऱ्यावर.

परवान्याच्या तोंडी परीक्षेत तिला 'गेट डाउन'चा अर्थ विचारला होता. डाउन म्हणजे खाली, आणि खाली येणं म्हणजे उतरणं. आपण बसमधूनही खाली येतो, घोड्यावरूनही. तिने तसंच सांगितलं. परीक्षक हसले होते. "म्हणजे तुमचे प्रवासी हवेतच उतरणार म्हणायचे!" बरोबर अर्थ होता दबून बसणं. त्या वेळी ती नापास झाली. रुश्तूदादाची गंमत तर याच्याही पुढची होती. तुर्कीत 'इन' म्हणजे उतर. कामाला लागला त्या वर्षी कप्तान 'गेट इन, गेट इन' ओरडत होता आणि या गड्याने टोपलीत चढणाऱ्या दोन जपान्यांना पाय धरून खाली ओढलं होतं. नवीन पोरांना तो हे अजून रंगवून सांगायचा.

इल्गिनला आता त्यावर हसू येत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या खोऱ्यात एका फुग्यातली एक बाई टोपली जमिनीला लागताक्षणी उडी मारून उतरली. जमीन आली म्हणजे उतरायचं, असं तिला वाटलं असणार. तिच्या वजनाएवढा फुगा हलका झाला आणि पुन्हा उठला. तिच्या मागोमाग निघालेल्या नवऱ्याचा एक पाय तेव्हा कडेच्या बाहेर होता. तो किती उंचावरून पडला ते इल्गिनने कुणालाच विचारलं नाही. त्या फुग्याचा कप्तान अजून चहाच्या दुकानात येतो, पण भिंतीकडे तोंड करून बसतो.

"एक जागा रिकामी होती, ती भरली," माणसं चढू लागली तेव्हा रुश्तूदादा म्हणाला.

ती गॅसच्या टाक्या तपासत होती. तिने नुसता हात वर केला.

*

वर सगळं ठीक होतं. ऊन खडकांच्या टोकांना लागलं, माणसांनी शाली सैल केल्या, फोन बाहेर आले. कुणीतरी हलक्या आवाजात काही म्हणत होतं, प्रार्थना असावी. फक्त कोपऱ्यातली ती बुटकी बाई फोटो काढत नव्हती. दोन्ही हात कडेवर ठेवून ती खाली बघत होती. बाजारातल्या मालाकडे बघावं, तशी. मध्येच तिने मागे वळून इल्गिनकडे पाहिलं आणि पुन्हा मान हलवली.

मग रेडिओ खरखरला.

"कप्तान, खाली वारा वाढलाय. नेहमीच्या शेतावर येऊ नकोस. तिथून ढकलली गेलीस तर सरळ तारांवर जाशील."

"मग कुठं?"

"जर्दाळूच्या बागेपलीकडे नांगरलेलं रान आहे. तेवढंच. त्याच्यापुढे ओढा."

"वेग किती वाटतो?"

"आम्ही गाडी पळवतोय तुझ्यामागे. तरी तू पुढेच चालली आहेस."

टोपलीत वारा मुळीच लागत नव्हता. फुगा वाऱ्याबरोबरच जातो, त्यामुळे आतल्याला वारा कळत नाही. सतराच्या सतरा चेहरे निवांत होते. जमीन कशी पळते आहे ते फक्त तिलाच दिसत होतं, आणि ही जमीन आता टोपलीला आडवी येऊन धडकणार होती. टोपली कलणार, फरपटणार. भिंतीआड दबून बसलेला माणूस हादरा खाईल आणि वाचेल. उभा असलेला बाहेर फेकला जाईल. आणि एक बाहेर गेला, की उरलेल्यांना घेऊन फुगा वर.

तिने दोन्ही हात उंचावले. "लँडिंग! गेट रेडी! गेट डाउन!"

शाली भराभर खाली गेल्या. म्हातारे गृहस्थ बसले, त्यांच्या दोन्ही बाजूच्या बायका बसल्या. एकेका कप्प्यात नुसत्या पाठी आणि घट्ट धरलेले दोर दिसू लागले. इल्गिनचा श्वास सुटला. कळलं होतं. त्यांना कळलं होतं.

मग तिला कोपरा दिसला. बुटकी बाई उभी होती.

"मॅडम! गेट डाउन!"

बाईने मान हलवली.

"डाउन! सिट! लो!" इल्गिनने पंजा खाली खाली दाबून दाखवला.

बाईने उजवा हात छातीवर ठेवला आणि किंचित वाकली. ही माणसं सकाळपासून प्रत्येक गोष्टीला तसाच हात ठेवत होती. दोघींमध्ये वेताची आडवी भिंत होती. इल्गिनने पाय उचलला असता तर ओलांडता आली असती, पण बर्नर आणि फुग्यातली हवा सोडायचा लाल दोर टाकून कप्तानाला कुठं जाता येतं? जर्दाळूची पांढरी फुललेली झाडं खालून सरकून गेली. तिने बर्नर बंद केला. एकदम सगळं शांत झालं. खालचा कुत्रा भुंकलेला ऐकू आला.

आणखी एखादा इंग्रजी शब्द शोधायला ती गेली, तर तिथं एकही शब्द नव्हता. गेटसुद्धा नव्हतं. लाल दोर तिने मुठीला गुंडाळला. आणि ती स्वतःशीच बोलू लागली. शिकत असताना बोलायची तशी. हलकेच, तुर्कीत, स्वतःच्याच पाठीवर हात फिरवल्यासारखी.

"चल पोरी. घाबरू नकोस. पाठ भिंतीला टेकव. गुडघे वाकव. हं, अजून वाकव. दोर घट्ट धर. काय वाटेल ते होऊ दे, सोडायचा नाही, पोरी. पूर्ण थांबेपर्यंत सोडायचा नाही."

कोपऱ्यातली शाल खाली गेली.

पहिला दणका तळव्यांतून दातांपर्यंत आला. टोपली उसळली, पुन्हा आदळली, कलली. कडेवरून ढेकळं आत आली. इल्गिनने सगळं वजन लाल दोरावर टाकलं. वर कापडाचं तोंड उघडलं, तिथून आभाळाचा एक गोल तुकडा दिसला आणि मोठा होत गेला. कुणीतरी किंचाळत होतं, कुणीतरी देवाचं नाव घेत होतं, आणि टोपली नांगराच्या फाळासारखी माती फाडत चालली होती. कडेवर हात आदळले. रुश्तूदादाची माणसं धावत येऊन लोंबकळली होती. टोपली हळूहळू सरळ झाली, दोन हात पुढे गेली आणि थांबली.

कुणीही जागचं हललं नाही.

"डोन्ट गेट आउट," इल्गिन म्हणाली. आवाज तिचाच होता की नाही, तिला सांगता आलं नसतं.

कापड शेतावर आडवं पसरेपर्यंत रुश्तूदादाने कुणाला उठू दिलं नाही. मग त्याने एकेकाला हात देऊन उतरवलं. बायका रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या. म्हाताऱ्या गृहस्थांनी सर्वांत आधी मातीला हात लावला. कुणी लंगडत नव्हतं. थोड्या वेळाने पेल्यांतून चेरीचं सरबत फिरू लागलं, आणि दणका बसला तेव्हा कोण कुणाच्या अंगावर पडलं ते लोक हातवारे करून एकमेकांना सांगू लागले.

"कप्तान, जिवंत आहेस ना? ये बाहेर," रुश्तूदादा कडेवरून डोकावला. "आणि त्या एल्मासमावशींनाही आण. जाफर मला खाऊन टाकेल."

"कोण एल्मासमावशी?"

"आपल्या जाफर ड्रायव्हरची आई. किर्शेहिरहून आली आहे. सकाळी म्हटलं नव्हतं का, जागा भरली म्हणून?"

"कुणी भरली ते नाही सांगितलंत."

"तू विचारलंस कुठं?"

इल्गिन वळली. कोपऱ्यात बुटकी बाई अजून तशीच बसली होती. पाठ टेकलेली, गुडघे वाकलेले, दोन्ही हातांत दोर. शाल खांद्यावर घसरली होती आणि खालचा रुमाल इल्गिनच्या आजीच्या गावातल्या बायका बांधतात तसा बांधलेला होता.

"मावशी, तुम्ही तुर्क आहात?"

"मग काय चिनी आहे?"

"मी एवढी ओरडत होते..."

"तू इंग्रजीत ओरडत होतीस. मला वाटलं, पाहुण्यांना काहीतरी दाखवते आहेस. सगळे मान हलवतील तशी हलव, आई, माझं हसं करू नकोस, असं जाफरने बजावलं होतं. हलवली." एल्मासमावशींनी दोराकडे पाहिलं. "थांबलंय का हे आता? पूर्ण?"

"थांबलंय. सोडा तुम्ही."

मावशींनी दोर सोडले, बोटं मोडली आणि गुडघा चोळला.

"बाकी सगळ्यांशी त्या भाषेत बोललीस आणि माझ्याशी आपल्या भाषेत. बरं वाटलं बघ. पोरी म्हणालीस, त्याचं मात्र नवल वाटलं. सासरे गेल्यापासून मला पोरी म्हणणारं कुणी राहिलं नाही." त्या हसल्या. "पण घाबरू नकोस कशाला म्हणालीस गं? तोवर मी मजेत होते. तू म्हणालीस तेव्हा कळलं, की घाबरायचं आहे."

इल्गिनने तोंड उघडलं. "मावशी, मी ते तुम्हाला..."

एल्मासमावशी तिच्याकडे बघत होत्या. चेहऱ्याकडे नाही, थोडं खाली. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. इल्गिननेही तिकडे पाहिलं. लाल दोर केव्हाच सैल पडून टोपलीत त्याचं वेटोळं झालं होतं, आणि त्याचं टोक अजून तिच्या मुठीत होतं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"अच्छा," मावशी म्हणाल्या.

इल्गिनने मूठ उघडायचा प्रयत्न केला. हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा तसाच राहिला.

"सुटत नाहीये," ती म्हणाली.

मावशींनी घागरा गोळा केला, वेताच्या भिंतीवरून एक पाय टाकला, मग दुसरा, आणि टाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिच्याजवळ येऊन बसल्या.

"अगं बायांनो!" बाहेरून रुश्तूदादा ओरडला. "सरबत संपतंय! उतरा की खाली!"

"थांब रे जरा," मावशींनी मान न वळवता सांगितलं. इल्गिनची मूठ त्यांनी आपल्या मांडीवर घेतली आणि करंगळीपासून सुरुवात केली.