आबांची पत्रकं

जाळीवर एकेक केस ओवून केलेली मिशी, डावं टोक झडलेलं, आतून वाळलेल्या डिंकाची पिवळी खपली — आणि त्या खपलीत अडकलेला एक पांढरा केस, तो मात्र खरा, आबांचा. रंजीताने मिशी प्लायवूडवर ठेवून पाहिली, गुलाबी हँडबिलाच्या तुकड्यावर, मग हिरव्यावर. नाकाला ओढणी बांधलेली असूनही शिंक आलीच, आणि शिंकता शिंकता तिने दाराकडे पाहिलं... दिव्यानी ओट्यावर आजीजवळ आहे ना, लांब आहे ना?

आबा, तिचे वडील, दर हिवाळ्यात वडशाच्या नाटक मंडळीत हवालदार व्हायचे, डॉक्टर व्हायचे, फार तर खलनायकाचा भाऊ. पत्रकात ‘श्रीहरी’ शेवटच्या ओळीत, बारीक; तरी गावोगावची पत्रकं त्यांनी पेटीत जपलेली. गेल्या दिवाळीनंतर ते गेले, पेटी आरमोरीहून इथे घुग्घुसला आली, रंजीता त्यातल्या पत्रकांचं कोलाज करू लागली, आणि त्याच हिवाळ्यात दिव्यानीच्या छातीत शिट्टी वाजू लागली. त्याच हिवाळ्यात घरामागून कोळशाचे ट्रकही सुरू झाले होते — पण डॉक्टर म्हणाले, घरातली धूळ कमी करा, जुने कागद, जुने कपडे... आणि नवऱ्याने, प्रफुलने, मान वळवून तिच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

आज सकाळी ड्युटीवर निघताना तो बोललाच. “भंगारवाल्याले सांगून ठेवलो. दुपारी येते तो. वापस आलो तं एक कागद नाई दिसला पायजे मले इथी.”

“वरून फेविकॉलचा हात दिला की कागद धूळ सोडत नाही,” ती म्हणाली.

“मंग पुऱ्या घुग्घुसले लाव न फेविकॉल!” गाडीला किक मारून तो गेला. सासू, गुणाबाई, हसली; मग हसू आवरून हळूच म्हणाली, “बाहेरची धूळ आपल्या हातात हाय का, बाई? कागद तं हाय.”

हातात आहे. म्हणूनच तर... तिने एक पत्रक चिकटवलं, त्यावर दुसरं, वरचं बसलं की खालचं गाव बुजायचं. फळी एवढीशी, आबा एवढे सगळे. कुठला ठेवू? हवालदार ठेवला तर डॉक्टर खाली जातो, आणि नाव शोधत बसावं तर दुपार सरते. ब्रश फिरवताना वाटलं, आपण त्यांना वाचवत नाही आहोत, नीट झाकतो आहोत.

“आई, मले लावून दे न मिशी!” दिव्यानी दारात.

“मागे हो!” — इतकी ओरडली ती, की पोर रडलीच नाही, नुसती बघत राहिली.

भंगारवाला आला. उरलेली पत्रकं त्याने गुडघ्याखाली दाबून सुतळीने बांधली. मिशीही तिनेच वर ठेवली. केसांत धूळ बसते.

मग तिने फरशी पुसली, खिडकीची चौकट पुसली. फडकं काळं निघालं, रोजच्यासारखं. ओली फळी न्हाणीपलीकडे, पत्र्याखाली उभी केली. दुपारच्या झोपेत दिव्यानीच्या छातीला कान लावला. श्वास स्वच्छ होता. आत, बाहेर; कुठे काही अडत नव्हतं. किती दिवसांनी... आनंद व्हायला हवा. पण मग इतके महिने मीच? माझ्या हातांनी, आबांच्या कागदांनी? मागे ट्रक गेला, भांडी थरथरली. तिचा कान तसाच, काहीतरी शोधत. कागद गेल्यावरही एकदा वाजू दे शिट्टी, बारीकशी, एकच — म्हणजे आबा सुटतील, मी सुटेन —

तिने दचकून कान उचलला. पोर गाढ झोपली होती. कुणी ऐकलं नव्हतं. हे मी मागितलं... श्वासाचा पंप उशाशी होता, तो तिने मुठीत घट्ट धरला, आणि पुन्हा वाकायची तिला भीती वाटू लागली. शिट्टीची नव्हे, शिट्टी ऐकून आपल्या चेहऱ्यावर काय उमटेल त्याची.