पोट आत ओढू नका

मास्तरांच्या शिवणदुकानात एकच कायदा होता: माप देताना पोट आत ओढायचं नाही. "श्वास सोडा साहेब," ते टेप सैल धरून म्हणायचे, "कपडा तुम्हाला घालायचाय, तुमच्या ऐटीला नाही."

मग पार्किन्सन आला. वारा नसताना पान हलावं तसा उजवा हात हलू लागला. सुई दिसे, दोरा दिसे, दोघांची भेट काही होईना. दारात आलं की पाय जमिनीला टाचल्यासारखे. मग त्यांची बायको पुढ्यात टेप टाकायची, आणि तो ओलांडायचा म्हणून पाऊल आपसूक उचललं जायचं.

इस्पितळात नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती. मास्तरांना तिथं काहीही करून जागा हवी होती. अट एवढीच, की तपासणीच्या सकाळी रोजची गोळी घ्यायची नाही. आजार आहे तसा दिसायला हवा.

बायकोला हे पटेना. चारचौघांत नवरा असा थरथरता न्यायचा? तिनं शर्टाला कडक इस्त्री केली, भांग पाडला आणि गुपचूप गोळी चुरून चहात घातली.

इस्पितळात मास्तर नवरदेवासारखे चालले. तपासणीत अंगठ्यावर बोटं टपाटप आपटून दाखवली. डॉक्टरीणबाई चकित. मास्तर त्यांच्याहून चकित.

"काका, तुम्ही तर ठणठणीत! तुम्हाला चाचणीत कसं घेऊ?"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती छताचा पंखा बघत होती.

"अगं, चहा आज कडू का होता?"

"साखर संपली होती."

"काल मीच आणली की!"

"घातली गोळी!" ती एकदम रडवेली झाली. "लोकांनी तुम्हाला तसं बघायचं, मला नाही सोसवत हो."

"जन्मभर गिऱ्हाइकांना ओरडलो," मास्तरांनी कपाळाला हात लावला, "आणि माझ्याच घरात माझंच पोट आत ओढलंस!"

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "गुरुवारी या. नुसत्या चहावर. पण काकू, नवं औषध लागू पडेल, असं वचन नाही देत. तुलनेसाठी काहींना औषधाऐवजी नुसती पिठाची गोळी देतात, कदाचित तीच वाट्याला येईल."

"चालेल," मास्तर म्हणाले. "शोध लागायचा तर कुणाच्या तरी अंगाचं माप घ्यावंच लागणार."

गुरुवारी ते आले ते चुकलेल्या गुंड्यांनी, विस्कटल्या केसांनी. तपासणीच्या दारात पाय टाचले गेले. रांगेतली माणसं वळून बघू लागली. बायकोनं पर्समधून टेप काढला, सगळ्यांदेखत खाली वाकली आणि उंबरठ्यावर सरळ रेघ मारावी तसा पसरला. मास्तर ओलांडून आत गेले.

खुर्चीत बसल्यावर हात मनसोक्त थरथरू लागला. डॉक्टरीणबाई एकेक नोंद करत होत्या. शेवटी त्यांनी मान डोलावली: घेतलं.

मास्तरांनी वळून पाहिलं. बायको भिंतीला टेकून ताठ उभी, गाल फुगलेले, चेहरा लालबुंद.

"अगं," ते म्हणाले, "माप झालं. आता श्वास सोड."