गिरजाबाईची दुपार

“हात मोकळा सोडा बाई. मूठ नका आवळू.”

गिरजाने मूठ सोडली, पण बोटं आपोआप पुन्हा मिटली. अठ्ठावीस वर्षं जाळ्याची दोरी ओढणाऱ्या हाताला नुसतं पडून राहणं ठाऊकच नव्हतं. दंडाभोवतीचा पट्टा फुगत गेला, घट्ट झाला आणि फुस्स करून सैलावला. दीपाली सिस्टरने आकडा पाहिला. मग तिने तोच पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला.

“काऊन जी सिस्टर, मशीन बिघडली काय?”

“मशीन चांगली हाय. दोनशे दहा बीपी दाखवून राह्यली. डोकं नाई दुखत तुमचं?”

“डोकं तं रोजच दुखते. त्याच्यात काय?”

गोंडपिपरीच्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी तपासणीचं शिबिर होतं. या इमारतीत गिरजा पूर्वीही आली होती. एकदा सासूला घेऊन, एकदा सुनेच्या बाळंतपणाला, एकदा नवऱ्याचा पाय काचेने कापला तेव्हा. दर वेळी ती पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसायची. आज पहिल्यांदाच कागदावर तिचं स्वतःचं नाव चढलं. वय विचारल्यावर ती गोंधळली. मग सिस्टरनेच अंदाजाने पन्नास लिहिलं.

सकाळी ती निघाली तेव्हा तिचा नवरा मनसाराम अंगणात जाळं शिवत बसला होता.

“कुठी जाऊन राह्यली?”

“दवाखान्यात.”

“कोन बिमार हाय?”

“कोनीच नाई.”

“मंग?”

“मंग काय. मीच जाऊन राह्यली.”

सुई हातात धरून तो तिच्याकडे पाहत राहिला. मोहफुलं वेचायचे दिवस. अशा दिवसांत धडधाकट बाई एसटीत बसून दवाखान्यात कशाला जाते, हे त्याला उमगेना. खरं तर तिलाही ते नीट सांगता आलं नसतं.

सुकरी तिची धाकटी जाऊ. मागच्या पोळ्यानंतर दोघी गावच्या तलावात झिंगे धरत होत्या. काहीतरी सांगता सांगता सुकरी मधेच थांबली आणि पाण्यात खाली बसली. गिरजाला वाटलं, थट्टा करते आहे. पाणी जेमतेम गुडघाभर होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून गावच्या उपकेंद्रातली दीपाली सिस्टर गिरजाच्या मागे लागली होती, की बाई, एकदा तपासून घ्या. गिरजा हो म्हणायची. मग शिंगाडे निघाले, मग धानाची कापणी आली, मग नातवाला ताप आला. आणि परवा जाळं ओढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती पाण्यातच उभी राहिली, सुकरी बसली होती त्याच्या जरा पलीकडे. घरी कोणालाच सांगितलं नाही.

“ही गोळी घ्या अन् त्या खाटेवर पडा,” दीपाली म्हणाली. “दोन घंट्यानं परत पाहू.”

“दोन घंटे? सिस्टर, घरी लई काम पडलं हाय.”

“पडू द्या. तुमीच पडल्या तं कोन करन?”

खाट खिडकीशी होती. गिरजा आधी एक पाय खालीच सोडून, उठायच्या तयारीत आडवी झाली. बाहेर पळस फुलला होता. दूरच्या झाडाखालून मोहाचा जड, गोड वास येत होता. पंखा सावकाश फिरत होता. दिवसाउजेडी आपण असं कधी निजलो होतो, हे ती आठवू लागली. शेवटच्या बाळंतपणात, बहुतेक. मग तिने दुसराही पाय वर घेतला आणि तिचा डोळा लागला.

पाणी कोमट होतं. कमळाची पानं हलत नव्हती. सुकरी गुडघाभर पाण्यात उभी राहून बोलत होती. तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता, शब्द कळत नव्हते. गिरजाला विचारावंसं वाटलं नाही. दोघींच्या हातात टोपल्या नव्हत्या. कोणी हाक मारत नव्हतं. ऊन पाठीवर हात फिरवल्यासारखं पडलं होतं, आणि दोघी तशाच उभ्या होत्या.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर गेलं होतं. अंगावर कोणीतरी चादर टाकली होती. कोणतं काम राहिलं आहे, हे क्षणभर तिला आठवलंच नाही.

“घोरून राह्यल्या होत्या,” दीपाली हसली. पट्टा बांधला. आकडा एकशे सत्तरवर आला होता.

तरुण डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सावकाश समजावलं. गोळी रोज सकाळी, जेवण झाल्यावर. बरं वाटलं तरी बंद करायची नाही. मीठ कमी, खारवलेली मासळी जवळजवळ बंद. महिन्याला येऊन मोजून जायचं.

गिरजा उठली, पुन्हा बसली.

“डॉक्टरबाई, माही जाऊ होती. तिचं असं मोजलं असतं, तं समजलं असतं?”

“बहुतेक समजलं असतं.”

“किती टाइम लागला असता?”

“दोन मिनिटं.”

गिरजाने मान हलवली. गावचं उपकेंद्र तलावाच्या बांधावरूनच दिसतं. टोपल्या घेऊन दोघी रोज त्याच्या दारावरूनच जायच्या.

परतीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. सागाची पानगळ झालेली होती. उघड्या खोडांमधून मावळतीचा लाल उजेड तिच्या मांडीवर येत होता, जात होता. मूठ उघडीच राहिली होती. तिने ती मिटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भात उतरल्यावर ती सुनेला म्हणाली, “रंजीता, मले ताट वाढ.”

“आता? बाबा तं तलावावरून आलेच नाई, आई.”

“येतीन. मले गोळी घ्याची हाय.”

त्या घरात पुरुषांच्या आधी कुठल्याही बाईचं ताट वाढलं गेलं नव्हतं. रंजीता थोडी घुटमळली. मग तिने पाट मांडला, भात वाढला, कमी मिठाची भाजी वाढली, पाण्याचा गडवा शेजारी ठेवला. गिरजा मांडी घालून बसली आणि शांतपणे जेवू लागली.

मनसाराम आला तेव्हा तिचं अर्धं जेवण झालं होतं. त्याने ताटाकडे पाहिलं, शेजारच्या गोळीकडे पाहिलं. टोपली बाहेरच उतरवून तो ओल्या पायांनी उंबऱ्याशी बसला, आणि तिने गोळी गिळून गडवा खाली ठेवेपर्यंत आत आला नाही.