सोडलंय

त्या रविवारी जेवायला बसताना रायगोंडा पाटलांनी माठातल्या पाण्याचा तांब्या हातानंच मागं सारला.

"सोडलंय," ते म्हणाले.

"ऐकलंस का त्रिशला?" त्यांची बायको सुंदरी चुलीपासून लेकीला म्हणाली. "तुझ्या आण्णांनी थंड पाणी सोडलंय. ऊस सोडलाय, गूळ सोडलाय. नियम कुठल्या मुनिम्हाराजांम्होरं घेतला म्हणून इचारलं, तर नुसतं हसत्यात."

"पाणी सोडलंय, तुला न्हाई. जरा कोमट करून आण."

त्रिशला हसली. मग आण्णांनी भाकरीचा घास जिभेनं उजवीकडून डावीकडे सारलेला तिनं पाहिला आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. उजवीकडची खालची दाढ चार महिन्यांपूर्वी साताऱ्याला आपल्या दातांच्या दवाखान्यात तिनंच भरली होती.

दातात भरायचं रेझिन निळ्या उजेडाखाली कडक होतं आणि कडक होता होता आकसतं. म्हणून ते पातळ थरांनी भरायचं आणि प्रत्येक थर वेगळा कडक करायचा. हे आकसणं कमी कसं करावं, यावरच तिचा प्रबंध होता. आण्णा त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आले आणि दिवसभर बाकावर बसून राहिले. "बाकीच्यांना घे आधी, मी घरचाच हाय." त्यांचा नंबर लागला तेव्हा चार वाजून गेले होते. पाचला साताऱ्यातल्या दंतवैद्यांपुढं तिचं भाषण होतं, आणि विषय हाच. तिनं सगळी दाढ एका गोळ्यात भरली, एकदाच उजेड धरला, वरून घासून सारखी केली.

"झालं, आण्णा."

अशा दाढेच्या कडेला केसाएवढी फट राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण गार पाण्याला सापडते. आठवड्यानं त्यांचा फोन आला होता, "गार लागलं की कळ येती बघ जरा." "बसेल हळूहळू," ती म्हणाली होती. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

जेवण झाल्यावर ते तिला बेदाण्याच्या शेडवर घेऊन गेले. रॅकवर पसरलेली द्राक्षं सुकत होती. तिच्या प्रबंधापासून इथं आलं की त्यांची एक थट्टा ठरलेली असायची, "आमचं आकसलं तर बेदाणा हुतो. तुमचं आकसलं तर काय हुतं गं?" आणि उत्तराची वाट न बघता आपणच हसायचे. त्या दिवशी त्यांनी ते विचारलं नाही.

"औंदा मणी लांब आलाय," एवढंच म्हणाले.

दाढ उकरून पुन्हा भरायची, अर्ध्या तासाचं काम होतं. चला माझ्याबरोबर साताऱ्याला, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. ती पाचच्या गाडीनं परत गेली.

मंगळवारी आण्णा शेडमध्ये रॅकला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

दहाव्या दिवशी मंदिराच्या सभागृहात श्रद्धांजलीची सभा झाली. आण्णांचे जुने मित्र गोमटेशकाका उभे राहिले.

"रायगोंडा लय बोलणारा गडी. पण नियम घेतला, तर घरातसुदिक सांगितलं न्हाई. चार म्हैने थंड पाणी न्हाई, ऊस न्हाई, गोड न्हाई. ह्याला म्हणायचं त्याग."

माना डोलल्या. मागून कुणी तरी म्हणालं, "खरं हाय." त्रिशलानं सतरंजीवरची नजर वर केली नाही.

"त्याच्या नावानं आपणबी चार म्हैने थंड पाणी सोडू. ज्याला जमंल त्यानं हात जोडावं."

बाहेर एप्रिलचं ऊन होतं. सगळ्यात आधी हात जोडले ते सुंदरीनं, आणि डोळे मिटून ती नियम पुटपुटू लागली.

त्रिशला उठली.

"आई, हात खाली घे."

सुंदरीनं डोळे उघडले.

"बस पोरी," गोमटेशकाका हलकेच म्हणाले.

"नियम नव्हता तो, काका. आण्णांची दाढ दुखत होती. मी भरली होती ती, घाईत, एका गोळ्यात. असं भरू नये, हे मीच लोकांना सांगत फिरते." तिनं आईकडं पाहिलं. "ते डाव्या बाजूनं जेवत होते, आई. मला दिसलं होतं. मी विचारलं नाही."