जिजाच्या खोळी

वाल्मिक घरी आला की अजूनही ओट्यावर थांबतो. चपला काढतो, शर्ट काढतो आणि दाराकडे धरतो. शर्ट घ्यायला कोणी येणार नाही हे त्याला ठाऊक असतं. तरी हात पुढे होतोच.

जिजा होती तेव्हा तिचा नियमच होता तो. साजगावच्या पत्र्याच्या कंपनीतून पाळी करून तो यायचा तेव्हा केसांपासून नखांपर्यंत पांढरा असायचा. सिमेंटच्या पत्र्यात एक दगडाचा धागा मिसळायचे. दिसायला मऊ, म्हणून कंपनीत सगळे त्याला कापूसच म्हणायचे. "तितंच थांबा," जिजा आतून ओरडायची. "तुमचा कापूस माज्या घरात नको." मग ती कपडे घरामागच्या परड्यात न्यायची, लिंबाच्या खोडावर आपटून झटकायची आणि मगच पाण्यात टाकायची. आत घर लख्ख. सांडलेला भात उचलून खावा इतकं.

तो कापूस जहाजातून पोत्यांत यायचा. घट्ट विणीची पोती, पाणी आत शिरायचं नाही. रिकामी झाली की सुपरवायझर म्हणायचा, न्या रे घरी. माणसं ती बोनस मिळाल्यासारखी आणायची. जिजा पोतं उलटं करून झटकायची, धुवायची, एक कोपरा दुसऱ्यात घालायची आणि दाभणाने शिवायची. झाली खोळ. भर पावसात भाताची रोपं लावायला, आवणीला वाकलेल्या बाईच्या डोक्यावरून पाठीवर ती अशी बसायची की वाऱ्याने हलायची नाही. आळीत ज्या ज्या घरात शेत होतं, त्या घरात जिजाची खोळ गेली. पैसे तिने कोणाकडून घेतले नाहीत.

पुढे कंपनी बंद पडली. आणखी काही वर्षांनी जिजाच्या छातीत पाणी झालं. आधी टीबीच्या गोळ्या दिल्या. गुण आला नाही तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी आतला तुकडा काढून तपासला आणि विचारलं, "या कुठल्या कारखान्यात होत्या?"

"नाय हो," वाल्मिक म्हणाला, "ती घरीच असते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. भात कापणीला यायच्या आत जिजा गेली.

दुसऱ्या वर्षी साईनाथ आला. कंपनीत तो वाल्मिकच्या हाताखाली शिकला होता. आता जुन्या कामगारांची कामं तोच बघतो. त्यानेच सगळ्यांच्या छातीचे एक्स-रे काढवून घेतले होते.

"वाल्मिकदादा, तुमच्या छातीत डाग हायत. कापसाचे. हा कामाचा आजार धरतात. विम्याच्या बोर्डापुढं उभं रहा, महिन्याला कायतरी चालू होईल."

"मला काय धाड भरलीय? जरा दम लागतो. वय झालं."

"वय मला पण झालं. मी चढतो की घाट."

"मोटारसायकलवर चढतोस, मेल्या."

साईनाथ हसला. वाल्मिकने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "आन् जिजाचं?"

साईनाथचं हसू गेलं. आजार तोच होता, ते आता दोघांनाही कळलं होतं. "वयनींचं... तितं विचारून बघा, दादा."

एवढ्यासाठीच वाल्मिक बोर्डापुढे जायला तयार झाला. पैशाचं त्याला काही नव्हतं. त्याची मुलगी हर्षला ही शेलूला राहते, ती रोज फोनवर म्हणते, बाबा, इकडेच या राहायला. त्याला एवढंच हवं होतं की जिजा कशाने गेली ते एखाद्या सरकारी माणसाने तोंडाने म्हणावं.

जाताना त्याने तिचा एक्स-रे तिच्याच साडीच्या तुकड्यात गुंडाळून नेला.

बोर्डात तिघे डॉक्टर होते. त्यांनी त्याला यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं, पाठ ठोकून पाहिली, कंपनीत कुठल्या खात्यात होता ते विचारलं. पोती फोडायच्या खात्यात, तो म्हणाला. मोठे डॉक्टर म्हणाले, "यात शंका नाही. तुमचा आजार कामाचाच आहे."

मग वाल्मिकने साडीचा तुकडा सोडला. "साहेब, हिचं पण बघा."

"या कोण?"

"बायको. माजे कपडे झटकायची. पोती झटकून खोळी शिवायची. गेली."

तिघांतली लहान डॉक्टरीण उठली, एक्स-रे उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिली. मोठे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "काका, इथे कामगाराचाच आजार बघतात. त्या कंपनीच्या कामगार नव्हत्या."

"कापूस तर कंपनीचाच होता."

"हो. पण तशी सोय कायद्यात नाही. कामगार कामाच्या आजाराने गेला, तर त्याच्या बायकोला मिळतं. बायकोच गेली तर..."

"म्हंजे मी आदी मेलो असतो तर तिला मिळालं असतं?"

"हो."

वाल्मिकने एक्स-रे परत गुंडाळला. "मला पुढं कसं जाऊ दिलं असतं तिनं? दारातच उभं करायची मला."

तो बाहेर आला तशी ती डॉक्टरीण त्याच्या मागे आली. "काका, त्या खोळी आता कुठे आहेत?"

"कुटं म्हंजे? घरोघर. जिजाची खोळ टाकतंय कोण?"

"अजून वापरतात?" तिचा चेहरा बदलला. "धुतल्या तरी विणीत, शिवणीत ते धागे राहतात. कोणाला झटकू देऊ नका. तोंडाला फडकं बांधा, खोळ ओली चिंब करा, दोन पिशव्यांत बांधा आणि खोल पुरा. झटकली की ते हवेत उडतं."

परतीच्या सगळ्या वाटेवर वाल्मिकच्या डोक्यात एकच गोष्ट होती. रोहिणी लागल्या होत्या, पाऊस तोंडावर आला होता. याच दिवसांत बायका माळ्यावरून खोळी काढतात, कुंपणावर टाकतात आणि वर्षभराची धूळ झटकतात.

खोपोलीहून टेंपोने तो गावात उतरला तर समोरच गोदूबाई. शेजारची म्हातारी, जिजाची मैत्रीण. खोळ दोन्ही हातांनी धरून तिने वर उचलली होती.

"गोदूबाय! थांब! झटकू नको!"

"काय रं ओरडतोस? साप हाय का काय?"

"खाली ठेव ती. हळू. मला दे."

"तुला कशाला? तू आवणी करणार हायस?" गोदूबाई हसली. मग त्याचं तोंड बघून तिने खोळ छातीशी धरली. "नाय द्यायची. जिजा गेली तवा तिची लुगडी वाटलीस, भांडी पोरीला दिलीस. आमच्याकडं तिचं एवढंच हाय."

"गोदूबाय, ह्यानंच गेली ती."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की हे वाक्य आजवर कोणी मोठ्याने म्हटलंच नव्हतं. डॉक्टरांनी नाही, साईनाथने नाही, त्यानेही नाही.

"असं कोण म्हणलं?" गोदूबाईने विचारलं.

"मी म्हणतो."

गोदूबाईने खोळ हळूच जमिनीवर ठेवली, निजलेलं पोर ठेवावं तशी, आणि पाण्याची बादली आणायला आत गेली.

मग तो घरोघर गेला. तोंडाला ओलं फडकं, हातात बादली. प्रत्येक दारात तेच सांगावं लागलं, जिजा ह्यानं गेली. छायाच्या सासूने वाद घातला, इतकी वर्षं आमाला कसं काय झालं नाय? अंबूबाई रडली. एकीने बजावलं, आता माज्या पाठीवर काय घालू, ते तूच सांग. पण खोळ कोणी अडवली नाही. दिवे लागेपर्यंत सगळ्या आळीला कळलं होतं की जिजा कशाने गेली, आणि सगळ्या आळीत तिच्या हातचं काही उरलं नव्हतं. परड्यातल्या लिंबाशेजारी त्याने कमरेइतका खड्डा खणला. मधेमधे दम लागला की तो कुदळीला टेकून उभा राहायचा.

शेवटी घरातली राहिली. जिजाची स्वतःची. ती दाराच्या मागे खुंटीला होती, तिने टांगली तशीच. येताजाता त्याचा खांदा तिला लागायचा, म्हणून त्याने ती कधी हलवली नव्हती.

त्याने ती न झटकता अलगद उचलली, ओट्यावर आणली, पसरली. डोक्याच्या जागी खोबरेल तेलाचा डाग होता. किती आवण्यांचा, कोण जाणे.

बादली जवळ ओढून त्याने तांब्याभर पाणी ओतलं. सगळी खोळ भिजली. फक्त त्या डागावरून पाणी घरंगळून गेलं आणि तेवढी जागा कोरडी राहिली.

वाल्मिकने तांब्या पुन्हा भरला.